आज्जाच्या तीन थापा आणि एक फिक्सी

आमच्या घरात कुणी न पटणारं काही सांगायला लागलं की आप्पा एवढंच म्हणायचे, "झालं, आज्जाची सायकल निघाली." हा शब्द पुढं अख्ख्या गल्लीत रुळला. मॅट्रिकला नापास झालेलं पोरगं 'पेपर चुकीचा तपासलाय' म्हणायला लागलं तरी शेजारची मावशी म्हणायची, आज्जाची सायकल!

मंडळी, मी बेळगावचा, त्यातही शहापूरचा. जुन्या लोकांना हा फरक कळेल. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. आमचे आज्जा घर सांगलीकरांच्या राज्यात ठेवून रोज इंग्रजांच्या राज्यात कारकुनी करायला जायचे, सायकलवरून. त्या सायकलीची ही गोष्ट. साठ वर्षं आम्ही ती थाप म्हणून चालवली, त्यामुळं ही थोडी कबुलीही आहे.

आज्जांचा जन्म १८८६ चा. मी नऊ वर्षांचा असताना, १९६४ साली ते गेले. त्यांची सायकल मी पाहिली नाही, आप्पांनीही पाहिली नाही. आप्पांच्या जन्माआधीच ती मोडीत गेली होती. मागं राहिला होता फक्त तिचा पुढचा चिमटा. आमच्या परसात जाईच्या वेलाला तो टेकू म्हणून मातीत उलटा रोवलेला होता. आणि राहिल्या होत्या आज्जांच्या तीन गोष्टी.

पहिली अशी, की उतार लागला की ते दोन्ही पाय पायडलवरून काढून पुढच्या चाकाजवळच्या दोन खुंट्यांवर ठेवायचे आणि राजासारखे बसून जायचे. खाली पायडल आपोआप गरागरा फिरत असायचं.

दुसरी गोष्ट आंबोली घाटाची. कचेरीचे कागद घेऊन एकदा ते सायकलनं सावंतवाडीला निघाले. घाट उतरायच्या आधी झाडाची एक मोठी फांदी तोडली, दोरीनं सायकलीच्या मागं बांधली आणि ती रस्त्यावरून फरफटत नेत घाट उतरले. का, तर सायकल पळून जाऊ नये म्हणून.

तिसरी गोष्ट बोटाची. आज्जांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. ते म्हणायचे, "चेन पुसत होतो. चाकानं ओढून घेतलं."

आता आप्पांचं काय म्हणणं होतं ते ऐका. कारण आप्पा ऐरागैरा माणूस नव्हे, त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती, पंक्चर आणि तासावर भाड्यानं सायकली. बारा सायकली होत्या, त्यातल्या दोन लहान, पोरांच्या. अर्धी शहापूर-वडगावची पोरं आमच्या दुकानातल्या सायकलीवर नळीखालून पाय घालून हाप पायडल शिकली आणि गुडघे फोडून घेतली. तर आप्पांचं म्हणणं, उतारावर पाय काढायचे कशाला? पायडल थांबवायचं, सायकल आपली जाते की. फांदी कशाला? ब्रेक आहेत की. आणि चेन पुसताना बोट जाईलच कसं? मागचं चाक कितीही जोरात फिरू दे, पायडल सोडलं की चेन जागच्या जागी थांबते. हे सांगताना ते समोरची सायकल स्टँडवर लावून दाखवायचे सुद्धा. चाक फिरवायचे, चेनीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "गेलं काय बोट?"

आप्पांचा ठाम समज होता की ते पेर लहानपणी उसाच्या चरकात गेलं. आज्जा गावाकडून आलेले, त्यांना ते सांगायची लाज वाटायची, म्हणून त्यांनी त्याला सायकलीचा रुबाब दिला. हे आप्पा पाव्हण्यांसमोर बोलायचे. आज्जा मग काही बोलायचे नाहीत, हात धोतराच्या सोग्यात घ्यायचे. मी तिथं असायचो. सगळ्यांबरोबर मीही हसायचो.

आप्पा गेल्यावर दुकान बंद झालं. मी उद्यमबागेत लेथवर चाळीस वर्षं काढली. सायकल सुटली, स्कूटर आली. आज्जाची सायकल घरात म्हण म्हणून तेवढी राहिली.

मागच्या दिवाळीनंतर धाकट्या भावाची मुलगी माझ्याकडं आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "काका, मला फिक्सी घ्यायची आहे. बाबा नको म्हणायल्यात. तुम्ही सांगा की."

मी विचारलं, फिक्सी म्हणजे काय? ती म्हणाली, जिला फ्रीव्हील नसतं. मागचा दात्या थेट हबला पक्का. चाक फिरतंय तोवर पायडल फिरत राहणार, मध्ये थांबायची सोय नाही. गिअर नाहीत, केबलींचा गुंता नाही, वजनाला हलकी, पावसाळ्यात बिघडण्यासारखं काही नाही. आणि तिच्या भाषेत, "रस्ता पायाला कळतो."

खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही. मी एवढाच विचार केला की ही सायकल मी बनवून देऊ शकतो. एखादी जुनी काळी सायकल घ्यायची, फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून जाम करायचं, झालं. स्टंट करणारी पोरं असंच करतात. पण आट्यांचा विचार केला आणि हात आखडला. साध्या हबचे आटे उजवे. पुढं पायडल मारलं की दात्या आवळत जातो, ते ठीक. पण फिक्सीत वेग कमी करायला पायडलवर उलटा जोर द्यायचा असतो. उलटा जोर दिला की तोच दात्या सैल होऊन निघून येणार, तोही नेमका उतारावर, नेमका गरज असताना. म्हणून खऱ्या फिक्सीच्या हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आत दात्यासाठी उजवे, बाहेर जरा लहान व्यासाचे डावे, त्यावर उलट्या आट्यांचं लॉकरिंग. दात्या सुटायला लागला की लॉकरिंग आणखी आवळतं. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याला माझा नमस्कार. ते पाहिलं आणि ठरवलं, तयार सायकलच घ्यायची. बजेट पंधरा हजार.

पहिल्या दुकानात मोठ्या अक्षरात फिक्सी लिहिलेली एक सायकल होती. रंगीत रिमा, सरळ हँडल, दिसायला नवरीसारखी. मी ती हातानं धरून चार पावलं पुढं ढकलली. पायडल जागचं हललं नाही. म्हणजे आत फ्रीव्हील. ही नुसती सिंगल स्पीड, फिक्सीचे कपडे घातलेली. दुकानदाराला म्हटलं तर तो म्हणाला, "सगळे हिलाच फिक्सी म्हणतात वो." वाईट सायकल नव्हती, पण मागितलेली वस्तू ती नव्हती. तुम्ही कुणी घेणार असाल तर हे चार पावलांचं लक्षात ठेवा, बिल करायच्या आधी.

दुसऱ्या दुकानात खरी फिक्सी होती, स्टँडवर चढवलेली. पुतणी दुकानातल्या मुलाशी बोलत होती. मी आपला जुन्या सवयीनं मागचं चाक गर्रकन फिरवलं. चेनीवर धूळ होती, बाजूला वेस्टचा बोळा पडला होता, तो घेऊन मी चेनीला लावायला गेलो. लहानपणी आप्पांच्या दुकानात हजार वेळा केलेलं काम.

"काका, बोट!"

मुलानं माझं मनगट धरून मागं ओढलं. वेस्टचा बोळा चेनीबरोबर गेला, मागच्या दात्यात शिरला, चिरडून पलीकडनं बाहेर आला. चाक तरीही फिरतच होतं. त्याच्याबरोबर चेन, पायडल, सगळंच.

तो मुलगा म्हणाला, "ह्या सायकलीत चेन थांबत नाही काका. चाकाचा सगळा जोर चेनीत असतो. चाक फिरतंय तोवर हात लावायचा नाही."

मी तिथल्याच एका स्टुलावर बसलो. पुतणीला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणलं. मला आज्जांचं बोट दिसत होतं.

घरी आलो ते थेट परसात गेलो. जाई कधीच गेली, पण चिमटा तिथंच आहे, अर्धा मातीत. खुरप्यानं माती काढली. दोन्ही पायांना, बाहेरच्या बाजूला, एकेक बोटभर लांबीची खुंटी. आम्ही लहानपणी तिला बादलीची दोरी अडकवायचो. आईला वाटायचं, वेलासाठीच कुणीतरी लोहाराकडून जोडून घेतल्यात. मी चाळीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस. पण त्या खुंट्या काय आहेत असा प्रश्न मलाही कधी पडला नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी पुतणीच्या मदतीनं सायकलीचा इतिहास वाचत बसलो. तिची सायकल तोवर खोळंबली, त्याबद्दल ती अजून टोमणे मारते.

आज आपण जिला सायकल म्हणतो तिचं रूप आलं १८८५ साली. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्लेनं 'रोव्हर' बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, चेन मागच्या चाकाला. त्याआधी पुढचं चाक माणसाएवढं आणि पायडल थेट त्याच्या एक्सलला. तीन वर्षांनी, १८८८ ला, बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे चाक आलं, चेन आली, हवा आली. फ्रीव्हील तेवढं आलं नव्हतं. ते सर्रास मिळायला लागलं १९०० च्या आगंमागं. तोवरच्या साध्या रस्त्यावरच्या सायकली म्हणजे सगळ्या फिक्सीच. फक्त तेव्हा तिला फिक्सी म्हणायची गरज नव्हती.

आणि उतार? उतारावर चाक पळायला लागलं की पायडलही त्याच वेगानं पळणार, आणि पायांना ती गती झेपत नाही. म्हणून त्या काळच्या सायकलींना पुढच्या चिमट्यावर पाय ठेवायला खुंट्या असायच्या. पाय वर घ्यायचे आणि पायडलला त्याचं त्याचं फिरू द्यायचं. ब्रेक असलाच तर एकच, पुढच्या टायरवर वरून दाबणारा लोखंडी चमचा. लांब घाटात तो दाबून धरला तर टायरची साल निघणार. तेव्हा इंग्लंडातले सायकलस्वारसुद्धा मोठ्या उतारावर झाडाची फांदी मागं बांधून ओढायचे. हे मी वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. भावाला फोन करून उठवलं. तो म्हणाला, "दादा, झोप की आता."

आज्जांची तिन्ही वाक्यं शब्दशः खरी होती. आंबोलीचा घाट फिक्सीवर, चमच्याच्या ब्रेकनं, धोतर नेसून! खाली पोचले हीच मोठी गोष्ट.

ही सायकल त्यांच्याकडं आली कुठून, हा आमच्या घरातला जुना वाद. आणि इथं बेळगावकरांना आवडेल असा धागा आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपलं वय १८८८ पासून मोजतो, ते बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. त गेले, पण रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा होते, आणि दोघा भावांनी इथं सायकली विकायचा, दुरुस्त करायचा धंदा केला. पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी. बेळगावात राहिला तो किर्लोस्कर रोड. त्या रस्त्यावरून आपण रोज गाड्यांचे हॉर्न वाजवत जातो.

आता हिशोब करा. १९०० च्या आधी त्या दुकानातून जी सायकल बेळगावच्या रस्त्यावर उतरली, ती बिनफ्रीव्हीलची. म्हणजे पुतणीला जे नवीन वाटतंय ते बेळगावात सव्वाशे वर्षांपूर्वी दुकानात मिळत होतं. आमची आत्या छातीठोकपणे सांगायची की आज्जांची सायकल किर्लोस्करांच्या दुकानातली. मलाही तसं लिहायचा फार मोह होतोय. पण आज्जा स्वतः सांगायचे, कॅम्पातला एक गोरा साहेब बदलून गेला, त्याच्या बटलरकडून १९०७ साली जुनी घेतली. सायकल जुनी असणं हेच पटतं, कारण तोवर नव्या सायकलींत फ्रीव्हील आलेलं होतं. आज्जांना स्वस्तात मिळाली, त्याचं कारण बहुतेक हेच. साहेबलोकांना ती जुनाट झाली होती. आज्जांच्या ज्या गोष्टींना आम्ही थापा म्हटलं त्यांनी इतकं खरं सांगितलंय, की आता किर्लोस्करांच्या मोहापायी त्यांचं एक वाक्य मी खोटं पाडणार नाही.

आप्पांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचा जन्म १९२१ चा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सायकली म्हणजे विलायती रॅले, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासला १९४९ ला निघालेल्या टी. आय. ची हर्क्युलस, सोनीपतची ॲटलस, नंतर लुधियानाची हिरो. सगळ्यांना फ्रीव्हील. हजारो सायकली खोलून जोडलेल्या माणसाला त्या चौकटीबाहेरची सायकल दिसणार कशी? उलट ज्याला सायकलीतलं काही कळत नाही त्यानं कदाचित आज्जांवर विश्वास ठेवला असता. आप्पा अडाणी नव्हते, त्यांना फार माहीत होतं. हे मी त्यांची वकिली म्हणून लिहितोय, पण आज्जा हात सोग्यात घ्यायचे तेही मला विसरता येत नाही.

मधल्या काळात फिक्सी मेली नव्हती हेही मला नवीन होतं. ती शर्यतीच्या गोल ट्रॅकवर टिकली. तिथं ब्रेकसुद्धा नसतात, कारण पुढच्यानं एकदम ब्रेक मारला तर मागचे सगळे अंगावर. जपानात १९४८ पासून अशा सायकलींवर पैसे लावायच्या शर्यती चालतात, केइरिन म्हणतात. मग न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रं पोचवणाऱ्या कुरिअरच्या पोरांनी ट्रॅकवरच्या सायकली रस्त्यावर आणल्या, कारण मोडायला काही नाही आणि चोरानं घेतली तर त्याला चालवता येत नाही. तिथून ती कॉलेजच्या पोरांची फॅशन झाली, आणि फिरत फिरत शहापुरात आमच्या पुतणीपर्यंत आली.

तर सायकलीची निवड. भावाचा विरोध सायकलीला नव्हता, ब्रेक नसण्याला होता. त्यानं मोबाईलवर बिनब्रेकची पोरं पाहिली होती. मी म्हटलं, तू बरोबर आहेस, दोन ब्रेक नसतील तर मीच घेऊ देणार नाही. पुतणी म्हणाली, ब्रेक लावले की फिक्सीची शान जाते. तेव्हा तिला चिमटा दाखवला आणि आज्जांची फांदी सांगितली. शानीचा विषय तिनं परत काढला नाही.

दुसऱ्या दुकानातली ती सायकल आम्ही घेतली नाही. पुढचा एकच ब्रेक, फ्रेम तिच्या उंचीला मोठी, किंमत अठरा हजार. फ्रेमचं महत्त्व इथं साध्या सायकलीपेक्षा जास्त. हळू वळताना पायाचा चवडा पुढच्या टायरला लागतो का हे बघायचं. साध्या सायकलीत पायडल थांबवून पाय वाचवता येतो, हिच्यात पाय फिरणारच. तसंच वळणावर सायकल कलली की आतलं पायडल जमिनीला घासू शकतं, म्हणून क्रँक आखूड बरा. आम्हाला १६५ मिलिमीटरचा मिळाला.

शेवटी दुकानदारानं मागवून दिलेली एक पसंत पडली. चौदा हजार दोनशे. साध्या स्टीलची फ्रेम, वजन बारा किलोच्या आसपास. आप्पांच्या काळ्या सायकली वीसच्या पुढं असायच्या, त्यामानानं पीसच. ॲल्युमिनियमची आणखी हलकी मिळत होती, पण आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांना स्टील जरा लवचिक, आणि वाकलं तर उद्यमबागेत कुणीही सरळ करून देईल. दोन ब्रेक, आणि मुख्य म्हणजे मागं फ्लिप-फ्लॉप हब. ह्याला मी सगळ्यात जास्त मार्क देतो. हबच्या एका बाजूला पक्का दात्या, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की सायकलीची जात बदलते. हीसुद्धा नवी युक्ती नाही. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी नव्हती, तेव्हा शर्यतवाले चढ आला की उतरून चाक काढायचे आणि दुसऱ्या बाजूचा वेगळ्या दात्यांचा गिअर घेऊन पुढं निघायचे.

एक गंमत फक्त मापाच्या माणसांसाठी. सायकल आली तेव्हा पुढं ४६ दाते, मागं १६. दुकानदाराकडं ४८-१६ चीही होती आणि तो म्हणत होता, ही जास्त पळते. मी नको म्हटलं. फिक्सीवाले पाय अडवून मागचं चाक घसरवतात, आणि पाय अडवायची जागा प्रत्येक वेळी तीच असते. ४८ ला १६ नं पूर्ण भाग जातो, तीन वेळा. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोब्बर तीन फेरे, त्यामुळं टायर दर वेळी एकाच ठिकाणी घासणार आणि तिथंच फाटणार. ४६-१६ ला तीच घासण आठ ठिकाणी वाटली जाते. मी पुढं जाऊन पक्क्या बाजूचा दात्या १७ चा बसवला. ४६ ला १७ नं भाग जात नाही, मग टायर सतरा ठिकाणी झिजतो, आणि चढाला पायडल थोडं हलकं पडतं ते वेगळंच. पुतणीला म्हटलं, घसरवायचं नाहीच, पण तू ऐकणार नाहीस ते मला माहीत आहे.

पहिले पंधरा दिवस तिनं कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यांवर सकाळी सराव केला. मी स्कूटरवर मागं. पहिल्याच दिवशी सवयीनं तिनं पायडल थांबवायला बघितलं आणि सायकलीनं तिला सीटवरून उचलून फेकल्यासारखं केलं. पडली नाही. म्हणाली, "काका, ही सांगितलेलं ऐकत नाही." नंतर जमलं.

मागच्या महिन्यात ती मैत्रिणींबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेली. मी आणि भाऊ मागनं स्कूटरवर. चढ तिनं पक्क्या दात्यावर चढला. वर पोचल्यावर खिशातून पंधराचा पाना काढला, मागचं चाक काढलं, उलटं करून फ्रीव्हीलच्या बाजूनं बसवलं, चेन ताणली, नट आवळले. पाच-सहा मिनिटांचं काम. मग दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून, पायडल स्थिर ठेवून, टिकटिक करत खाली गेली. भाऊ काही बोलला नाही. खाली आल्यावर त्यानं तिला उसाचा रस पाजला.

चेन पुसायची तिची पद्धत मी ठरवून दिलीय. चाक आधी दोरीनं फ्रेमला बांधायचं, मग ब्रश. कापड नाही, बोट तर नाहीच.

चिमटा मी मातीतून काढून घासला. गंजाखाली एका बाजूला निकेलचा मुलामा अजून शाबूत आहे. खुंट्यांची लांबी सव्वादोन इंच, डाव्या खुंटीवर आडव्या खाचा आहेत, उजवीवरच्या झिजल्यात. फोटो खाली टाकलाय. बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड, सावंतवाडी, कुठंही कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, वेलाखाली अशा खुंट्यांचा चिमटा किंवा चमच्याचा ब्रेक असेल, किंवा घरात कुणी फांदी बांधून घाट उतरल्याचं सांगत असेल, तर इथं लिहा. मोडीत घालू नका. मी येऊन माप घेऊन जाईन.